घाटीच्या माथ्यावरचा थांबा

अध्यक्ष हेडमास्तर, सरपंच, लॉरीचे मालक, समोर बसलेली सगळी मंडळी आणि पडवीत बसलेल्या बायांनो,

हेडमास्तरांनी माझं नाव पुकारलं तेव्हा मी मागे वळून बघितलं. म्हटलं, विठू मिस्त्री नावाचा आणखी कोणी असेल तर तो उठेल. कोणी उठलं नाही, म्हणून मी उठलो. मला भाषणाची सवय नाही. माझं निम्मं आयुष्य गाडीखाली उताणं पडून गेलं. तिथं तोंड उघडलं की तोंडात ग्रीस पडतं. त्याच्या आधी शिडाच्या पडावावर खलाशी होतो. तिथं बोलायचं काम पडावाच्या म्होरक्याचं, तांडेलाचं, आमचं काम ऐकायचं. तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आणि बोलायचं कोणावर? दत्तूवर. आपल्या दत्ताराम ड्रायव्हरवर. त्याला जाऊन आज आठ दिवस झाले. सकाळची वेळ होती. वर कातळाच्या सड्यावरच्या खाणीतून चिरे भरून तो निघाला. ह्याच शाळेच्या नव्या खोलीसाठी चिरे. घाटी उतरताना लॉरी आवरली नाही आणि पायथ्याला दरडीवर जाऊन आदळली. कुंपणाला लागून लाल चिऱ्यांची ती रास आहे ना, ती त्याच लॉरीतली, मागून उचलून आणलेली. गवंड्यांनी अजून हात लावलेला नाही. मी इथं उभा आहे आणि माझी नजर सारखी तिकडेच जाते आहे.

माझ्या आधी तीन जण बोलले. छान बोलले. दत्तू कष्टाळू होता, हसतमुख होता, गावाच्या कामाला कधी नाही म्हणाला नाही. सगळं खरं. पण मंडळी, मी तिन्ही वेळा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होतो. तिघेही एका जागी अडखळले. अपघाताची गोष्ट आली की प्रत्येकाने 'दैवगती' म्हटलं, आणि खाली बघितलं. का खाली बघितलंत? दैव काय जमिनीवर पडलं होतं?

मी सांगतो का ते. तुमच्या मनात आहे, की तो प्यायला होता.

बसा. उठू नका. मी कोणाचं नाव घेतलेलं नाही.

मी संशयी माणूस आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. बाजारात बांगडा घेतला तरी कल्ले उघडून बघतो. आमची ही म्हणते, लग्नाच्या वेळी मी तिचे दात मोजले होते. ते काही खरं नाही. पण गाडीच्या धंद्यात संशय नसेल तर माणसं मरतात. कोणी सांगितलं 'ब्रेक बरे आहेत', की मी म्हणतो चाक काढ, बघतो. तेव्हा ह्या आठ दिवसांत मी काय केलं असेन? संशय घेतला. प्रत्येकावर घेतला. आज तेच सांगायला उभा आहे. हे शोकसभेत बोलायचं की नाही मला माहीत नाही. पण उद्या देवगडहून फौजदार येणार, गावाचे जबाब घेणार, आणि गाव जे सांगेल ते कागदावर चढणार. एकदा चढलं की दत्तू कायमचा दारुडा झाला. म्हणून आजच बोलायला हवं.

शेवंती पडवीत बसली आहे, दत्तूची बायको. तिसऱ्या दिवशी मी तिच्या दारात गेलो होतो. ती रडली नाही. तिने फक्त एवढंच विचारलं, "मिस्त्रीनू, माका खरा काय ता सांगा. ते पिऊन होते काय?"

मंडळी, मी खाली बघितलं, ह्या तीन भाषणवाल्यांसारखं. पाणी मागितलं, प्यायलो आणि घरी आलो. मला उत्तर माहीत होतं. पण उत्तर द्यायचं म्हणजे माझं स्वतःचं काहीतरी बाहेर पडलं असतं, म्हणून टाळलं. शेवंती, आज सगळ्यांसमोर देतो. थोडी थांब.

आधी ती बाटली. पंचनाम्यात बाटली आहे. ड्रायव्हरच्या सीटखाली मिळाली, गोव्याकडची फेणीची बाटली, आत बोटभर काहीतरी, आणि वास दारूचा. पंच कोण होते ते मी सांगत नाही, समोरच बसलेत. त्यांनी बाटली नाकाला लावली, एकमेकांकडे बघितलं आणि 'दारू' असं लिहून दिलं. दारूबंदीच्या दिवसांत सीटखाली बाटली मिळाली म्हणजे संपलंच.

हेडमास्तर, ही बाटली घ्या. नाही, ती नव्हे, ती पोलिसांकडे आहे. ही तिची बहीण, माझ्या शेडमधली. बूच काढा आणि वास घ्या. घ्या, घ्या, लाजू नका. काय वास येतो? स्पिरिटचा. बरोबर. आता दोन बोटांवर घेऊन चोळून बघा. बुळबुळीत लागतं ना? दारू बुळबुळीत असते का? हे ब्रेकचं तेल आहे. ह्यात एरंडेल असतं आणि स्पिरिट असतं. डब्यातून आणतो आणि मिळेल त्या बाटलीत ओततो. गोव्याची रिकामी बाटली आपल्याकडे कोणाच्या घरात नाही? कोणी तिच्यात खोबरेल ठेवतो, कोणी रॉकेल. सरपंचांच्या घरी तर मी तिच्यात गंगाजल बघितलंय.

दत्तूला ती बाटली मी दिली होती. माझ्या ह्या हातांनी. 'पॅडल खाली गेल्यासारखं वाटलं तर थोडं घाल', असं सांगून. आठ दिवस मला हे ठाऊक होतं आणि आठ दिवस मी बोललो नाही. का? कारण मग पुढचा प्रश्न आला असता, की मिस्त्री, तेल सोबत द्यावं लागत होतं, म्हणजे तुझे ब्रेक खराब होते का?

शेवंती, नाय गो बाय. तो पिऊन नव्हतो.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, प्यायला नव्हता. मग लॉरी थांबली का नाही? हाच प्रश्न मला पण होता. माझा पहिला संशय आपल्या मालकांवर. मालक, रागवू नका. लॉरीवाल्या मालकावर संशय घेणं हा मिस्त्रीचा धर्म आहे. लॉरी जुनी, लढाईतून आलेली, मला वाटलं काहीतरी टाळलं असणार. पण मग आठवलं, मागच्याच महिन्यात चारी चाकांचे ब्रेकचे पट्टे मालकांनी नवे आणून दिले होते आणि ते मीच बसवले होते. तरीसुद्धा आदळलेल्या लॉरीची चाकं मी काढून बघितली. पट्टे नवेच होते. पण जळून काचेसारखे गुळगुळीत झाले होते, आणि लोखंडी ड्रम निळे पडले होते. लोखंड निळं कधी पडतं हे लोहाराला विचारा.

म्हणजे ब्रेक लागले होते. दत्तूने पाय दाबला होता, सगळ्या घाटीभर दाबला होता. ब्रेक चांगले, ड्रायव्हर शुद्धीवर, आणि लॉरी थांबली नाही.

पुष्कळांचा इथंच गोंधळ होतो. तुम्हाला वाटतं ब्रेक म्हणजे दावं. जनावर पळालं, दावं ओढलं, जनावर थांबलं. तसं नाही. ब्रेक म्हणजे नुसतं घासणं. थंडीत आपण तळहात घासतो तसं. गाडीत जेवढा जोर आहे तो सगळा घासून घासून उष्णता करून जिरवायचा. बैलगाडीत जोर थोडा, लगेच जिरतो. भरलेल्या लॉरीत केवढा जोर! आणि चिरे दुप्पट भरले म्हणून ब्रेकचे पट्टे काही दुप्पट होत नाहीत. तेवढेच हातभर तुकडे. त्यात उतार असला तर तुम्ही इकडे जोर जिरवता आणि उतार तिकडे नवा जोर घालत राहतो. फुटक्या होडीतलं पाणी उपसण्यासारखं आहे ते. आणि ड्रम तापला की फुगतो, पट्ट्यांपासून लांब जातो. पट्टा तापला की गुळगुळीत होतो, धरत नाही. तेल तापलं की उकळतं, आणि मग पॅडल चिखलात पाय घातल्यासारखं खाली जातं. माणूस जितका जास्त वेळ ब्रेक दाबतो तितका ब्रेक कमी लागतो. हे ज्याला माहीत नाही तो म्हणणारच, 'गाडी थांबली नाही म्हणजे माणूसच धड नव्हता.'

हे मला दत्तूनेच शिकवलं. मी मिस्त्री, तो ड्रायव्हर, आणि शिकवलं त्याने. दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी त्याला मोठ्या तोऱ्यात सांगत होतो, की वेग दुप्पट झाला तर गाडी थांबायला जागा दुप्पट लागेल, साधा हिशोब आहे. तो म्हणाला, "मिस्त्री, माझो पाय तसा सांगणा नाय." पैज लागली, चहाची. सड्यावर सपाट रस्त्यावर आम्ही चुन्याची रेघ मारली. रेघेवर आला की त्याने ब्रेक मारायचा, मी पावलं मोजायची. पहिल्यांदा रिकामी लॉरी, बैल धावेल इतका वेग. बारा पावलांत थांबली. मग वेग दुप्पट. मी चोविसाव्या पावलावर काठी रोवून ऐटीत उभा. लॉरी माझ्या समोरून गेली आणि जातच राहिली. मोजलं तर पन्नासाच्या जवळ. मग चिरे भरून आलो आणि तोच खेळ पुन्हा केला. तेव्हा तर ती पार फणसाच्या झाडापलीकडे गेली. तिथपर्यंत मोजायलाही मी गेलो नाही. चहा पाजला.

नंतर ह्याच हेडमास्तरांनी मला फळ्यावर काढून दाखवलं, की वेग दुप्पट झाला की गाडीतला जोर चौपट होतो. मला फळ्यावरचं निम्मं कळलं. पण दत्तूच्या पायाला फळ्याशिवायच कळलं होतं. तो म्हणायचा, भरलेली गाडी थांबवायची नसते, ती थांबलेलीच ठेवायची असते. मला पडावाची आठवण झाली. मंगळूरी कौलं भरलेला पडाव बंदरात शिरताना तांडेल शीड कुठं उतरवायचा? बंदर लांब असतानाच. धक्क्याजवळ येऊन शीड उतरवणारा तांडेल मी एकच बघितला, आणि त्याला पुन्हा कोणी पडाव दिला नाही.

असा माणूस. आणि असा माणूस घाटीत सापडतो? माझा संशय आणखी वाढला.

मग मी पांडू क्लीनरकडे गेलो. पांडू पन्नाशीचा बाप्या, तिथं आंब्याखाली बसलाय, हात गळ्यात बांधलेला. तो वाचला आणि दत्तू गेला. खोटं कशाला बोलू, ह्याने वेळेआधी उडी मारली असं मला वाटलं. आणि मालकांनी मला सांगितलं होतं, की गिअरचा दांडा मोकळा सापडला, कुठल्याच गिअरात नव्हता. म्हणजे इंधन वाचवायला दत्तूने गाडी उतारावर मोकळी सोडली असणार. मोकळी सोडतात पुष्कळ जण. तेव्हा मी मेलेल्यावरही संशय घेतला. पांडूला दोन तास सतावलं. शेवटी तो चिडला. त्याने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगतो.

"वर मोकळी नव्हती," तो म्हणाला. "तिसऱ्या गिअरात होती. पहिल्या वळणार दत्तून दुसरो घालूक बघल्यान. गिअर भायर इलो, पण परत बसाक नाय. दात नुसते वाजत रवले. ब्रेकाचो धूर इलो. माका म्हणालो, पांडू, उडी मार. मी मारूक नाय. मगे तेनाच माका पायान भायर ढकलल्यान."

आमच्या जुन्या गाड्यांचं हे असंच आहे. एकदा वेग चढला की खालचा गिअर बसत नाही. खालचा गिअर घालायचा तो उतार सुरू व्हायच्या आधी, गाडी उभी करून. पहिल्या गिअरात हळूहळू सोडली, की इंजिनच तिला मागून धरून ठेवतं. ब्रेकला फारसं कामच उरत नाही. हे दत्तूला माहीत नव्हतं? त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं! वीस वर्षं तो भरली गाडी घेऊन ही घाटी उतरला. प्रत्येक वेळी पहिल्या गिअरात उतरला.

मग ह्या वेळीच तिसऱ्यात का?

मंडळी, हा प्रश्न मी स्वतःला विचारला तेव्हा मी घरी जेवायला बसलो होतो. घास तसाच ठेवला. आमची ही म्हणाली, काय झालं? मी उठलो आणि चालत घाटीच्या माथ्यावर गेलो. सडा संपतो आणि रस्ता एकदम खाली वाकतो ती जागा. तिथं उभा राहून बघितलं, तिथं काय नाही ते.

तिथं राखणदार नाही.

तुम्हाला आठवतं ना? म्हाताऱ्यांना आठवत असेल. ऐनाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला तो पाषाण, वाटेची राखण करणारा देव. बापजाद्यांपासून तिथं. घाटी उतरणारा प्रत्येक माणूस तिथं थांबायचा. डोक्यावरचा भारा उतरवायचा, विडी ठेवायची, मगच पाय खाली टाकायचा. लॉऱ्या आल्या तेव्हा लॉऱ्याही थांबायला लागल्या. दत्तूचं तर ठरलेलं. गाडी उभी करायची. उतरून गाडीभोवती फिरायचं, चारी चाकांना हात लावून बघायचं, तापलीत का. मग विडी पेटवून दगडापुढे ठेवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. त्याचं गाऱ्हाणं एवढंसं होतं. मी कितीदा त्याच्या शेजारी उभा राहून ऐकलंय. "बा म्हाराजा, गाडी जड आसा. उतार तुझो, पाय माझो. सांभाळ." झालं. चढायचा, पहिला गिअर घालायचा आणि निघायचा.

थांबलेली गाडी पहिल्या गिअरातच निघते. दुसरं काही करताच येत नाही. आपल्याला वाटायचं तो देवासाठी थांबतो.

दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायचं निघालं. ओव्हरसिअर आला, म्हणाला दगड आडवा येतो. त्याची सभा ह्याच अंगणात भरली होती, अशीच, तुम्ही सगळे असेच बसला होता. आणि राखणदाराला खाली पायथ्याला आणून बसवूया, हे कोणी सुचवलं?

मी सुचवलं. मंडळी, हा ठराव माझा होता. मी उभा राहून मोठ्या आवाजात म्हटलं, म्हाताऱ्यांना वर चढवत नाही, खाली आणला तर सगळ्यांची सोय होईल. वर लॉऱ्या उभ्या राहिल्या की बैलगाड्यांची खोटी होते. तुम्ही टाळ्या वाजवल्या. एकटा दत्तू उठला. तिथं, त्या खांबाजवळ. सभेत बोलायची त्याला कधी सवय नव्हती, कान लाल झाले होते. म्हणाला, "राखणदाराक खाली नेव नकात. तो वर आसा म्हणान मी थांबतंय. मी थांबतंय म्हणान गाडी खाली थांबता."

आणि मी काय म्हटलं? आठवतंय का कोणाला? मला आठवतंय. मी म्हटलं, "रे दत्तू, ब्रेक मी बसयतंय, राखणदार नाय."

तुम्ही हसलात. सगळी सभा हसली. दत्तूही हसला आणि खाली बसला.

मग आपण कौल लावला. गुरव, तुम्ही साक्षीला आहात. पाषाणाला कळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पहिल्यांदा डावी पडली. आपण म्हटलं, वारा होता. पुन्हा लावल्या. पुन्हा डावी. आपण म्हटलं, कळी ओली नव्हती. तिसऱ्यांदा उजवी पडली, आणि आपण ताबडतोब नारळ फोडला. बाजारात सोनारही तिसऱ्यांदा वजन करून देत नाही, आणि आपण देवाकडून तिसऱ्यांदा हो काढून घेतलं. मी एवढा संशयी, पण त्या दिवशी मला त्या तिसऱ्या कळीचा संशय आला नाही.

पांडू सांगतो, दगड खाली गेल्यावरही दत्तू वर्षभर वर थांबायचा. रिकाम्या जागेपुढे विडी ठेवायचा. मग बैलगाडीवाले ओरडायला लागले, की देव खाली गेला, तू वर कोणाला विडी पाजतोस? मीही एकदा तेच म्हणालो, माझ्या शेडमध्ये, चार माणसांत. माणूस किती दिवस ऐकून घेईल? यंदा पावसाळा संपल्यावर त्याने वर थांबायचं सोडलं. खाली, नव्या जागी विडी ठेवायला लागला. वर नुसती गाडी अगदी हळू करून पहिला गिअर घालून घ्यायचा. आठ दिवसांपूर्वी गवंडी खोळंबले होते, शाळेच्या बांधकाम कमिटीचे दोन निरोप गेले होते. कमिटीत मीही आहे. तो घाईत सड्यावरून सपाटीच्या वेगात आला, तिसऱ्या गिअरात, आणि रस्ता खाली वाकला.

आणि खाली काय होतं? खाली राखणदार होता. म्हणजे त्याच्यापुढे माणसं होती. आधी तिथं कोणी थांबत नसे. आपण देव तिथं नेला तेव्हापासून थांबतात. त्या सकाळी दोन बैलगाड्या उभ्या होत्या, आणि मिठबावहून मासे घेऊन आलेल्या पाच-सहा जणी पाट्या उतरवून पाया पडत होत्या. त्यातल्या दोघी आज इथं आल्या आहेत. रस्ता सरळ त्यांच्यावर जात होता. दत्तूने चाक उजवीकडे फिरवलं, दरडीवर. दरड त्याच्याच बाजूला होती. पांडूला आधीच बाहेर ढकललं होतं.

हे प्यायलेल्या माणसाला सुचतं का?

कोणी कोणी म्हणतं, राखणदाराचा कोप झाला. असेल. मला देवाच्या मनातलं कळत नाही. पण वर थांबायची जागा कोणी काढून टाकली ते मला कळतं. आठ दिवस मी चोर शोधत फिरलो आणि सगळ्यांचे कल्ले उघडून बघितले. मालक, माफ करा. पांडू, माका माफ कर रे.

उद्या फौजदार आला की मी पहिला जाणार. सांगणार, की बाटली माझी, तेल माझं आणि ठराव माझा. तुम्ही काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण सांगताना शेवंतीकडे बघून सांगा, खाली बघू नका.

आणि गुरव, तुमच्याकडे एक मागणं. पाषाण पुन्हा वर न्यायचा आहे. कौल लावा. पण ह्या वेळी एकदाच लावा. डावा आला, तर मी तिथं नुसता लाकडाचा खांब पुरीन आणि त्याच्यापुढे विडी ठेवीन. पण ह्यापुढे माझ्या हाताखालून गेलेली एकही भरली लॉरी तिथं उभी राहिल्याशिवाय खाली उतरणार नाही. मालक, तुमच्या लॉरीपासून सुरुवात.

हेडमास्तर आता दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगतील. हेडमास्तर, माझी विनंती आहे, ती दोन मिनिटं इथं नकोत. इथं उभं राहून काय होणार? दत्तू रोज दोन मिनिटंच थांबायचा, आणि तीच आपल्याला जास्त वाटली. ऊन उतरलं आहे. ज्यांना चालवतं त्यांनी माझ्याबरोबर घाटी चढून या. माथ्यावर ऐनाखाली उभे राहू. ती दोन मिनिटं तिथं देऊ. म्हातारी माणसं इथंच थांबा, वरच्या अंगाला तोंड करून.

शेवंती, तू येतंस काय? ये. सावकाश चढू.

दत्तू, बाबा, गाडी जड होती, उतार त्याचा होता आणि पाय तुझा होता. पाय चुकला नाही. माझा नमस्कार घे.

चला.